वर लखलखाट, खाली काळोख: जाड नमुन्यांच्या मायक्रोस्कोप प्रतिमा दुरुस्त करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या एका प्रयोगशाळेत कॉन्फोकल मायक्रोस्कोपच्या, म्हणजे लेझरने नमुन्याचे पातळ थर एकेक करून टिपणाऱ्या यंत्राच्या, खोलीची किल्ली माझ्याकडे असते. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून विद्यार्थी स्लाइडचे डबे घेऊन येतात. कुणाकडे तंबाखूचं पान असतं, कुणाकडे उसाचं मूळ, कुणाकडे उंदराच्या मेंदूचा काप. नमुने वेगळे, तक्रार एकच: "अक्का, वरचं झकास दिसतंय, खाली गेलं की काही दिसंनाच." व्हरांड्यात चहा पिता पिता तीच उत्तरं इतक्यांदा दिली की शेवटी लिहून काढली. पुस्तकं इंग्रजीत आहेत, वर्गात कन्नड आणि इंग्रजी चालतं, आणि अडलं की पोरं मराठीत विचारतात. म्हणून हे मराठीत.

वरचे थर उजळ आणि खालचे काळे. मायक्रोस्कोप बिघडलाय का?

बहुतेक वेळा नाही. प्रकाशाला तुमच्या नमुन्यात दोन फेऱ्या कराव्या लागतात. लेझर खाली जातो, नमुन्याला दिलेल्या चमकणाऱ्या (फ्लुरोसंट) रंगद्रव्याला चेतवतो, आणि मग त्या रंगद्रव्याचा उजेड त्याच वाटेने वर येतो. जाताना गळती, येताना गळती. काही प्रकाश पेशी शोषून घेतात, पण जास्त नुकसान विखुरण्याने होतं. पावसाळ्यात चोर्ला घाटातून गाडी काढली असेल तर हे कळायला वेळ लागणार नाही. धुक्यात हेडलाइटचा उजेड संपत नाही, तो भलतीकडे जातो. अप्पर मारला तर पुढचा रस्ता दिसायच्या ऐवजी समोर पांढरी भिंत उभी राहते.

कॉन्फोकलमध्ये यावर आणखी एक भर पडते. मार्विन मिन्स्कीने १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो याच कल्पनेवर: डिटेक्टरसमोर बारीक छिद्र ठेवायचं आणि फोकसच्या बाहेरून आलेला प्रकाश अडवायचा. म्हणून तर आपल्याला मांड्याच्या घडीसारखे पातळ थर वेगवेगळे बघता येतात. पण फोकसमधूनच निघालेला आणि वाटेत विखुरलेला प्रकाशसुद्धा त्या छिद्राला परकाच वाटतो, तोही अडतो. जितकं खोल जाल तितका असा प्रकाश जास्त. स्वच्छ थर मिळतो तो या किमतीवर.

म्हणजे खालचा सिग्नल कमी होण्याचं कारण विखुरणं, एवढंच ना?

एवढंच असतं तर हे पान अर्ध्यावर संपलं असतं. कारणं निदान चार आहेत. शोषण आणि विखुरणं हे पहिलं. ऑब्जेक्टिव्हच्या (नमुन्याजवळच्या भिंगाच्या) पुढचं माध्यम आणि नमुना यांचे अपवर्तनांक न जुळल्याने फोकसचा ठिपका पसरतो, हे दुसरं. स्कॅन चालू असतानाच रंगद्रव्य विझत जातं, हे तिसरं. आणि चौथं, ज्याच्याकडे कुणी बघतच नाही: रंग मुळात आतपर्यंत पोचलेलाच नसतो.

पहिल्या तिघांची भरपाई आकडेमोडीने थोडीफार करता येते. चौथ्याची येत नाही. जिथे रंगच नाही तिथल्या आकड्याला कितीनेही गुणा, हाती फक्त खरखर लागते.

मग माझ्या नमुन्यात कुठलं कारण आहे हे ओळखायचं कसं?

स्लाइड उलटी करून बघा. खरंच, एवढंच. पण त्यासाठी नमुना काच आणि कव्हरस्लिप यांच्यात न ठेवता दोन कव्हरस्लिपांच्या मध्ये, बाजूने स्पेसर देऊन बसवावा लागतो, आणि हे आधीच सुचावं लागतं.

एका बाजूने पूर्ण स्टॅक, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या थरांच्या प्रतिमांची चळत, घ्या, उलटा, दुसऱ्या बाजूने घ्या. ऑब्जेक्टिव्हकडची बाजू दर वेळी उजळ आणि लांबची दर वेळी काळी येत असेल, तर दोष प्रकाशाच्या वाटेत आहे. पण कुठूनही बघा, दोन्ही पृष्ठभाग उजळ आणि मधला भाग काळा असं दिसत असेल, तर रंग आत गेलेला नाही.

यात माझी स्वतःची फजिती झालेली आहे, ती सांगते. नवीन होते तेव्हा मेंदूच्या जाड कापावर प्रतिपिंडाने रंग दिला. मधल्या थरात पेशी दिसेनात. मी घातांकी वक्र बसवला, खालचे थर गुणून उजळ केले, तरी मध्ये फक्त दाणेदार करडेपणा. मग मी काय करावं? "या जातीच्या पेशी पृष्ठभागालगतच असतात" असा निष्कर्ष मांडणारी स्लाइड तयार केली, बाणबिण काढून. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी एका सीनियर ताईने फक्त विचारलं, "उलटं करून बघितलंस काय ग?" बघितलं. दुसरा पृष्ठभाग तितकाच उजळ, मध्य तसाच रिकामा. काप मधोमध कापला, कापलेल्या तोंडावर नव्याने रंग दिला, तर पेशी सगळीकडे. प्रतिपिंडाचा रेणू साधारण १५० किलोडाल्टनचा, डीएपीआय या केंद्रकं रंगवणाऱ्या छोट्या रेणूच्या मानाने अवाढव्य. त्याला आत शिरायला दिवस लागतात आणि वरच्याच पेशी त्याला धरून ठेवतात. मी एक रात्र ठेवला होता.

विझण्याची परीक्षा त्याहून सोपी आहे. स्टॅक संपला की पुन्हा वरच्या थरावर या आणि त्याच सेटिंगवर एक प्रतिमा घ्या. पहिल्या प्रतिमेपेक्षा ती फिकी असेल तर तेवढं विझलं. कॉन्फोकलमध्ये एका थराचं स्कॅन करताना लेझर वरच्या-खालच्या सगळ्या थरांतून जात असतो, त्यामुळे शेवटच्या थराची पाळी येईपर्यंत त्याने बराच मार आधीच खाल्लेला असतो.

ऑब्जेक्टिव्ह बदलून फरक पडतो का?

पडतो, आणि सॉफ्टवेअरपेक्षा जास्त पडतो. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, ग्लिसरॉलचा १.४७, ऑब्जेक्टिव्ह आणि कव्हरस्लिप यांच्यामध्ये घालतात त्या इमर्शन तेलाचा १.५२ च्या आसपास. नमुना पाणीदार द्रावणात आणि ऑब्जेक्टिव्ह तेलाचा, अशी जोडी जमवली की कव्हरस्लिपलगत प्रतिमा सुरेख येते आणि आत जाल तसा फोकस पसरत जातो. लोक सवयीने तेलाचाच घेतात, कारण त्यावर न्यूमरिकल ॲपर्चरचा, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचा, मोठा आकडा लिहिलेला असतो. पाण्यातल्या जाड नमुन्यासाठी त्यापेक्षा कमी आकड्याचा पाण्याचा ऑब्जेक्टिव्ह मी केव्हाही पसंत करीन.

दुसरी गोची खोलीच्या मापाची. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हने पाण्यातल्या नमुन्यात स्टेज १०० मायक्रॉन सरकवली तर फोकस प्रत्यक्षात ढोबळमानाने ८८ मायक्रॉनच खाली जातो. कोरड्या ऑब्जेक्टिव्हने उलटं: १०० सरकवा, फोकस १३३ च्या जवळ. तेव्हा क्षयाचा वक्र काढण्याआधी खोलीचा अक्ष दुरुस्त करा. गोल पेशी उभ्या अंड्यासारख्या दिसत असतील तर एक संशयित हाच.

कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरची, म्हणजे दीड नंबरची घ्या. दुकानात एक नंबरची स्वस्त मिळते म्हणून आणू नका.

खाली जाताना लेझर वाढवत नेला तर? मशिनमध्ये तशी सोय आहे.

आहे ती सोय वापराच की. वरच्या थराला लेझर किती आणि खालच्या थराला किती ते ठरवून दिलं की मधल्या थरांना मशिन हिशेबाने वाढवत जातं. वरून खाली स्कॅन करा, म्हणजे जोरदार लेझर येईपर्यंत वरच्या थरांची प्रतिमा घेऊन झालेली असते. कुठलाही थर संतृप्त होऊ देऊ नका; एकदा पिक्सेल कमाल आकड्याला टेकला की खरा आकडा किती होता ते परत कधी कळत नाही.

लेझर वाढवावा की गेन, असं विचाराल तर लेझर. जास्त लेझर म्हणजे जास्त फोटॉन, म्हणजे नवीन माहिती. गेन आलेल्या फोटॉनांनाच मोठं करून दाखवतो. शिवाय फोटोमल्टिप्लायरचा, म्हणजे डिटेक्टरचा, गेन व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे नंतर मोजमाप करायचं असेल तर डोकं धरून बसावं लागतं. स्क्रीनवरचा लेझरचा टक्काही दर मशिनवर सरळ प्रमाणात असतोच असं नाही. पॉवर मीटरने एकदा तपासून घ्या.

आणि काहीही करा, प्रत्येक थराला काय सेटिंग होतं त्याची नोंद ठेवा. नोंद नसलेला असा स्टॅक सुंदर चित्र म्हणून भिंतीवर लावावा, मोजमापाला घेऊ नये.

स्टॅक आधीच घेऊन झालाय, नमुना टाकून दिलाय. आता?

आता आकडेमोड. एकसारख्या नमुन्यात सिग्नल खोलीप्रमाणे घातांकी वक्राने कमी होतो, तोच बीअर-लँबर्टचा नियम जो रंगमापीसाठी शिकलात. ठरावीक खोलीला सिग्नल २.७१८ पटीने कमी होतो. त्या खोलीला इथे क्षयलांबी म्हणू. ती सापडली की प्रत्येक थराला किती पटीने गुणायचं ते कळतं.

फायजी या प्रतिमांवर काम करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये इमेज, स्टॅक्स, प्लॉट झेड-ॲक्सिस प्रोफाइल असं गेलात की थरागणिक सरासरी मिळते. ते आकडे ॲनलाइझ, टूल्स, कर्व्ह फिटिंगमध्ये घाला आणि ऑफसेटसह असलेला घातांकी वक्र बसवा. ऑफसेटसह का, ते या उदाहरणात बघा.

समजा सगळ्यात वरच्या थराची सरासरी १२००, १०० मायक्रॉनवर ३३५. दोन्हीकडे पार्श्वभूमी २००, म्हणजे नमुना नसतानाही डिटेक्टर देतो तो आकडा. खरा सिग्नल वर १०००, खाली १३५. म्हणजे क्षयलांबी ५० मायक्रॉन आणि खालच्या थराचा गुणक ७.४.

पार्श्वभूमी वजा न करता केलंत तर १२०० भागिले ३३५, गुणक ३.५८. खालचा थर गुणला, सरासरी १२०० आली, सगळं जुळलं, तुम्ही खूश. पण त्या १२०० मध्ये ७१६ ही फुगवलेली पार्श्वभूमी आहे आणि खरा सिग्नल जेमतेम ४८४. वरच्या १००० च्या निम्मासुद्धा नाही. चित्र बघून हे कळत नाही, कारण चित्र छानच दिसतं. माझ्याकडे येणाऱ्या चुकांत ही सगळ्यात जास्त.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी स्टॅक ३२-बिटमध्ये बदला, मग पार्श्वभूमी वजा, मग गुणाकार. आणि सरासरी आख्ख्या चौकटीची घेऊ नका. खाली नमुना निमुळता होत असेल तर रिकामी जागा वाढल्यानेच सरासरी पडते. नमुन्याच्या आतल्या भागाचा मुखवटा करून, म्हणजे बाहेरचं सगळं झाकून, तेवढ्याचीच घ्या.

गुणून उजळ झालं, पण खालचा थर दाणेदार का दिसतो?

फोटॉन कमी होते म्हणून. मोजलेल्या फोटॉनांत त्यांच्या वर्गमुळाएवढी खरखर असतेच. वर पिक्सेलला ४०० फोटॉन आले तर खरखर २०, म्हणजे ५ टक्के. वरच्याच उदाहरणातल्या क्षयाने १०० मायक्रॉनवर ५४ फोटॉन उरतात, खरखर सुमारे ७, म्हणजे साडेतेरा टक्के. ७.४ ने गुणल्यावर पुन्हा ४०० होतात, पण खरखर ५४ होते. ताकात पाणी घालून तांब्या भरतो, ताक वाढत नाही.

म्हणून एक मर्यादा आधीच ठरवा. माझा स्वतःचा नियम: गुणक ८ च्या पुढे गेला की तो थर मोजमापातून काढून टाकायचा. हा आकडा कुठल्या ग्रंथात नाही, तुमच्या नमुन्याला ५ असेल किंवा १०. पण निकाल बघायच्या आधी ठरवा.

फायजीतलं ब्लीच करेक्शन वापरलं तर चालेल?

ब्लीच करेक्शन म्हणजे रंगद्रव्य विझल्याची भरपाई. ते मुळात वेळेप्रमाणे होणाऱ्या क्षयासाठी आहे, खोलीसाठी नाही. पण लोक खोलीसाठीही वापरतात. त्यात तीन पद्धती आहेत: साधं गुणोत्तर, घातांकी वक्र, हिस्टोग्राम जुळवणी. पहिल्या दोन समजून वापरल्या तर ठीक. हिस्टोग्राम जुळवणी दिसायला सगळ्यात देखणी आणि मोजमापाला सगळ्यात घातक. ती प्रत्येक थराला सांगते की तुझ्यात उजळ-काळ्याचं वाटप पहिल्या थरासारखंच असलं पाहिजे. पण खाली खरोखरच पेशी कमी असतील तर? तो फरक शोधायलाच तर तुम्ही आला होता. पेशींच्या सीमा आखण्यापुरती ती वापरा, उजळपणा मोजायला नको.

डीएपीआयच्या सिग्नलने भागलं की सगळं आपोआप दुरुस्त होतं, असं सरांनी सांगितलं.

सरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. केंद्रकं सगळ्या थरांत साधारण सारखी उजळ असावीत हे गृहीत धरून त्यांचा क्षय मोजायचा आणि तोच दुसऱ्या चॅनेलला लावायचा, कल्पना चांगली. अडचण रंगाची. डीएपीआय ४०५ नॅनोमीटरने चेतवतो आणि निळा उजेड देतो. ऊतकात निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त विखुरतो. तुमचा दुसरा चॅनेल ६४० नॅनोमीटरवरचा गडद लाल असेल, तर डीएपीआयचा गुणक लावल्यावर खालचे थर गरजेपेक्षा जास्त उजळ होतात आणि "खोलवर प्रथिन वाढतं" असा शोध लागतो. संदर्भाचा रंग मोजायच्या रंगाजवळचा निवडा.

(इथे धुक्याचा दाखला लंगडा पडतो. धुक्याचे थेंब तरंगलांबीच्या मानाने एवढे मोठे असतात की निळा काय आणि लाल काय, सगळे सारखेच विखुरतात. पिवळ्या दिव्याने धुक्यात जास्त दिसतं हे ट्रकवाल्या अण्णांना मी पटवून देऊ शकलेली नाही.)

माझं उसाचं मूळ गोल आहे. थराच्या नंबरावरून दुरुस्ती केली तर कडा जळतात.

जळणारच. मूळ दंडगोल आहे. एकाच थरात मध्यभागी वर ८० मायक्रॉन ऊतक असेल आणि कडेला पाचच. सगळ्या थराला एकच गुणक लावलात तर कडांना फुकटची बक्षिसी मिळते. खोली थराच्या नंबरावरून नाही, नमुन्याच्या पृष्ठभागापासून मोजायची. आधी नमुन्याचा त्रिमितीय मुखवटा करा, मग प्रत्येक पिक्सेलच्या सरळ वर किती ऊतक आहे ते मोजा, आणि त्या अंतरावरून गुणक काढा. प्रकाश शंकूच्या आकारात येतो, सरळ रेषेत नाही, त्यामुळे हेही अंदाजच. पण थराच्या नंबरापेक्षा कितीतरी बरा. भ्रूण, कळ्या, पेशींचे गोळे, सगळ्यांना हेच लागू.

निपाणीहून तंबाखूचं पान आणलंय. दोन-तीन थरांखाली काहीच दिसत नाही.

पान हा वेगळाच नग आहे. आत पेशींच्या मध्ये हवेच्या पोकळ्या असतात. हवा आणि पेशी यांच्या अपवर्तनांकातला फरक एवढा मोठा की प्रत्येक पोकळी आरशासारखं काम करते. त्यात हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश पिऊन टाकतं आणि ६८० नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच चमकतं. तिथल्या चॅनेलमध्ये जो "सिग्नल" मिळाला तो तुमच्या रंगाचा असेलच असं नाही. रंग न दिलेलं पान त्याच सेटिंगवर बघा.

जिवंत पान बघायचं तर पाण्यात ठेवून सिरिंजने निर्वात करा, पोकळ्यांत पाणी शिरतं आणि पान गडद हिरवं, काचेसारखं दिसू लागतं. पाण्याऐवजी परफ्लुरोडेकॅलिन हा द्रवही वापरतात. पान मेलेलं चालणार असेल तर क्लिअरसी हे द्रावण वनस्पतींसाठीच आहे: १० टक्के झायलिटॉल, १५ टक्के सोडियम डिऑक्सीकोलेट, २५ टक्के युरिया. हरितद्रव्य निघून जातं आणि फ्लुरोसंट प्रथिनं टिकतात. काही दिवस लागतात, घाई करू नका.

प्राण्यांचं ऊतकही असं पारदर्शक करता येतं का?

येतं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ श्पाल्टेहोल्त्स याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अवयव पारदर्शक करून दाखवले होते. २०१३ मध्ये क्लॅरिटी ही ऊतक पारदर्शक करण्याची पद्धत आली तेव्हापासून मेंदूसाठी याची लाटच आली. तत्त्व सगळीकडे एकच: विखुरणारी चरबी काढायची आणि आतला-बाहेरचा अपवर्तनांक जुळवायचा. शक्य असेल तिथे आकडेमोडीपेक्षा मी हीच वाट सांगते. मात्र नमुना काही पद्धतींत आक्रसतो, काहींत फुगतो. लांबी-रुंदी मोजणार असाल तर आधी आणि नंतर मोजून ठेवा.

दोन-फोटॉन मायक्रोस्कोप असता तर ही कटकट नसती ना?

कमी असती. लांब तरंगलांबीचा लेझर कमी विखुरतो, चेतना फक्त फोकसमध्येच होते, म्हणून छिद्र लागत नाही आणि विखुरलेला उजेडही गोळा करता येतो. १९३१ मध्ये मारिया गॉपर्ट-मायरने कागदावर मांडलेली, दोन फोटॉन एकाच वेळी शोषले जाण्याची गोष्ट डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी १९९० मध्ये मायक्रोस्कोपवर आणली. पण त्यातही खोलीबरोबर क्षय होतोच.

एआयने खालचे थर स्वच्छ करून मिळतात म्हणे?

मिळतात. ज्या प्रकारच्या प्रतिमांवर ते शिकलं त्याच प्रकारचा तुमचा नमुना असेल तर निकाल थक्क करणारे असतात. नसेल तर ते तितक्याच आत्मविश्वासाने नसलेल्या पेशी काढून देतं. वापरलंत तर काही थर प्रत्यक्ष कापून, वरून बघून पडताळा.

८-बिटमध्ये स्टॅक घेतला तर चालेल?

चित्रापुरता चालेल, दुरुस्तीला नाही. ८-बिटमध्ये ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. खालच्या थरात त्यातल्या पाच-सहाच वापरात असतील तर ७ ने गुणल्यावर ०, ७, १४, २१ असा जिना तयार होतो. १२ किंवा १६-बिट घ्या.

प्रबंधात याबद्दल काय लिहू?

ऑब्जेक्टिव्ह, बुडवण्याचं माध्यम, लेझर खोलीप्रमाणे बदलला असेल तर किती, पार्श्वभूमी कशी काढली, कोणता वक्र, क्षयलांबी किती आली, गुणकाची मर्यादा काय ठेवली. दुरुस्तीआधीची आणि नंतरची प्रतिमा शेजारी शेजारी. मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रतीवर काम करायचं. परीक्षक विचारतील या भीतीने दुरुस्ती लपवणारे मी पाहिलेत. विचारलं की जास्तच फजिती होते.

तुमच्याकडे यायचं तर काय काय आणू?

रंग दिलेला नमुना, रंग न दिलेला नमुना, आणि जमलं तर एक जास्तीचा, कापायला. दोन कव्हरस्लिपांमध्ये बसवलेला असेल तर फार बरं. मोकळा पेन ड्राइव्ह. सकाळी लवकर या, कारण लेझर स्थिर व्हायला अर्धा तास लागतो आणि दुपारी लाईट गेली की तो अर्धा तास पहिल्यापासून मोजावा लागतो. कुंदा आणलात तर तो खोलीबाहेर ठेवा. मागच्या खेपेला कीबोर्ड चिकट झाला होता.